कितवी?

अप्पा बळवंत चौकात दुकानदार मान वर न करता विचारतो,
"कितवी? मीडियम?"
मी म्हणतो, कितवी असं नाही, नऊ वर्षांची आहे.
तेव्हा तो चष्मा कपाळावर सरकवतो
आणि असा बघतो
जशी मी सराफाकडे पावशेर साखर मागितलीय.

डिसेंबरात दाखला काढला.
दोन वर्षं वर्गात ती एक शब्द बोलली नव्हती,
बाई म्हणायच्या, गुणी मुलगी, त्रास म्हणून नाही.
'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यापाशी
कारकूनबाई पेन धरून थांबल्या,
मग स्वतःच लिहिलं : पालकांची इच्छा.
इच्छा ईश्वरीची होती. तिला रकाना नव्हता.

त्यानंतर घरात कागद वाढत गेले.
एक अभ्यासक्रम कुरिअरनं आला, पसंतीसाठी, खोकं भरून :
लाकडी मणी, रंगीत पट्ट्या, पालकांसाठी इंग्रजी वही,
जी वाचायला मलाच शिकवणी लागली असती.
सवयीनं काट्यावर ठेवलं. सहा किलो चारशे.
किंमत विजयाला अजून सांगितलेली नाही.
परत पाठवताना एक मणी कमी भरला.

एक फोनवरचा, चौदा दिवस फुकट.
उत्तर बरोबर आलं की हत्ती टाळ्या वाजवतो,
चुकलं तरी वाजवतो, जरा हळू.
ईश्वरी म्हणाली, यालाच येत नसणार.

रविवारी एम्प्रेस गार्डनमध्ये असेच काही पालक भेटले.
चटया, उकडलेली रताळी,
कुणाचा मुलगा घुबडांवर पुस्तक लिहितोय,
कुणाची मुलगी वर्षभर नुसतं सुतारकाम.
चांगली माणसं. मलाही रताळं दिलं.
"तुमची फिलॉसॉफी काय?"
मी म्हटलं, रविवार पेठेत वजनकाटे दुरुस्त करतो.

मेहुणा म्हणतो, पोरीचं वाटोळं करशील.
विजया ससूनमधून नाइट करून येते,
चहात बिस्कीट विरघळेपर्यंत मुक्त विद्यालयाचा फॉर्म वाचते,
म्हणते, पाचवीची परीक्षा तरी देऊ दे,
उद्या कुणी विचारलं तर कागद हवा.
मी वाद घालत नाही.
माझ्या काट्यांनाही सरकारी शिक्का लागतोच.

बुधवारी जुन्या बाजारात शब्दकोश मिळाला, साठ रुपयांत,
'ळ'नंतरची पानं गेलेला.
म्हणजे क्षमा नाही, ज्ञान नाही, मी विनोद केला.
ती हसली नाही. चार कोरी पानं खळीनं चिकटवली
आणि पहिल्यावर लिहिलं,
क्षार : नळाच्या तोंडाशी पांढरं साठतं ते.

चौदाव्या दिवशी रात्री फोन सारखा आठवण देत होता.
आम्ही दुकानातच होतो. मंडईतला एक तराजू आला होता,
"जरा अडतोय" म्हणून.
ईश्वरीनं मालाचं पारडं उलटं केलं.
खाली शिसं, चिंचोक्याएवढं, मेणानं नीट बसवलेलं.
तिनं ते खरवडून छोट्या काट्यावर ठेवलं. अकरा ग्रॅम.
मग फरशीवर खडूनं मांडत बसली,
दिवसाला गिऱ्हाइकं किती धरू, बाबा? सत्तर?
आठवड्याला, महिन्याला,
संक्रांतीपासून दिवाळीपर्यंत,
खडू संपत आला तसा आकडा मोठा होत गेला.
आणि थांबली.

"त्या आजोबांना माहीत असेल?"
"की त्यांनी घेतला तेव्हापासूनच होतं?"
"आपण सांगायचं, की नुसतं काढून टाकायचं?"

फोनवर हत्तीनं सोंड हलवून निरोप घेतला.

पहिल्या दोन प्रश्नांना मी माहीत नाही म्हणालो, ते खरं होतं.
तिसऱ्याला अजून काही म्हणालेलो नाही.
फॉर्मवर 'सध्याची इयत्ता' कोरी आहे.
उद्या अकरा वाजता आजोबा तराजू न्यायला येतील.
तिनं शिसं काडेपेटीत ठेवलंय
आणि पेटीवर पेन्सिलनं,
११ ग्रॅम. कुणाचे ते ठरायचे आहे.